वस्तीची मोजदाद वस्तीला करू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी गाठली असे म्हणतात आणि ४३ फुटांना धोका पातळी. शहरातील बहुतेक घरांत हे आकडे सकाळच्या चहाबरोबर वाचले जातात. सुतारवाड्यातील आणि जयंती नाल्याच्या काठावरील वस्त्यांतील घरांत मात्र ते वाचून गाठोडी बांधायला घेतात. पाणी वाढले की सुतारवाड्यातील कुटुंबांचे स्थलांतर दसरा चौकातील चित्रदुर्ग मठात होते, वर्तमानपत्रांत तीच बातमी जवळजवळ त्याच शब्दांत येते, आठ-पंधरा दिवसांनी पाणी उतरते आणि माणसे परत जाऊन भिंती धुतात. इतक्या वर्षांच्या या ये-जा करण्यात त्या कुटुंबांना 'तुमच्या मते काय करायला हवे' असे रीतसर बसवून कोणी विचारले आहे का, या एकाच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. नाल्याकाठच्या एका वस्तीतील मुले माझ्या वर्गात होती, त्यामुळे त्या घरांशी माझा संबंध पंचवीस वर्षांहून जुना आहे. वस्तीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या बायकांबद्दल लिहिणार आहे त्यांना उद्या कोणाच्या दारात जाऊन उत्तरे द्यावी लागू नयेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. पाणी उतरल्यावर शासनाने शहरी भागातील पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागातील कुटुंबाला १० हजार रुपये जाहीर केले, त्यांतील ५ हजार रोख आणि उरलेले बँक खात्यात. मदत तातडीची होती आणि त्या दिवसांत ती मोलाची ठरली, हे मी आधीच सांगते. अडचण निघाली ती 'कुटुंब' या शब्दात. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्यांकडे रेशनकार्डाप्रमाणे नोंद करण्याची सूचना होती. आमच्या वस्तीत एका कार्डावर सासू-सासरे, दोन मुलगे, त्यांच्या बायका आणि पोरे असतात; छप्पर एक, पण मधे पत्रा किंवा साडी लावून खोल्या पाडलेल्या आणि चुली तीन. पुरात भांडी तिघींची वाहून गेली आणि मदत एका चुलीला आली. भाडेकऱ्यांची गोष्ट त्याहून अवघड होती, कारण त्यांच्यापाशी भाडेकरार नव्हता आणि घरमालकाला आपण भाडे घेतो हे कागदावर येऊ द्यायचे नव्हते. ज्यांची कार्डे, आधार आणि पासबुके पाण्यात गेली त्यांना आपण इथेच राहत होतो हे सिद्ध करायला मतदार यादीतील जुनी नावे शोधत फिरावे लागले.

त्या वेळी मी जे केले ते आज मला चुकीचे वाटते आणि ते मोकळेपणाने लिहिणे मला आवश्यक वाटते. मी अर्ज लिहून दिले. दोन महिने दररोज संध्याकाळी वस्तीत जाऊन अर्ज लिहिले, सह्या आणि अंगठे घेतले आणि ते अर्ज घेऊन स्वतःच कार्यालयात गेले. साहेबांशी मी बोलले, कारण मला बोलता येते. काही प्रकरणे मार्गी लागली. पण पुढच्या खेपेला माझे पाय दुखत होते म्हणून मी गेले नाही, तर वस्तीतून कोणीच गेले नाही. 'बाईंना वेळ मिळाला की जाऊ,' असे त्या एकमेकींना सांगत राहिल्या. दोन महिने राबून मी त्यांना आणखी एका माणसावर अवलंबून करून ठेवले होते.

बदल घडला तो त्यांच्यातल्याच एकीमुळे. धुणीभांडी करणारी, तिसरी शिकलेली बाई. तिने विचारले, 'बाई, ते आमची कार्डं मोजतात. आम्हीच आमच्या चुली मोजल्या तर?' दोनशे पानी वही आणली गेली. बचत गटातल्या चौघींनी गल्लीनिहाय घरे लिहायला घेतली. किती माणसे, किती चुली, कोण भाड्याने, कोणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस, कोणाकडे गरोदर सून, वीजमीटर कोणाच्या नावावर, आणि शेवटच्या रकान्यात बंधाऱ्यापाशी पाणी किती फुटांवर असताना त्या दारात पाणी येते. हा शेवटचा रकाना माझ्या डोक्यात कधीच आला नसता. त्यांना तो तोंडपाठ होता, कारण प्रत्येक पुराची खूण त्यांच्या भिंतीवर आहे. एका गल्लीत दारे अकरा निघाली आणि चुली सतरा. त्या सतरांपैकी सहा चुली शासनाच्या लेखी पेटतच नव्हत्या.

वही लिहिताना भांडणेही झाली, तीही सांगायला हवीत. एका घराने जास्त चुली लिहून घेण्याचा प्रयत्न केला, दुसऱ्या घरी भाडेकरू लपवले गेले. मग त्यांनी ठरवले की प्रत्येक गल्लीची पाने त्या गल्लीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि हरकत असेल तर तिथेच सांगायची. शेजारणीसमोर खोटी चूल फार वेळ टिकत नाही. सरकारी पाहणीत जी पडताळणी कागदांवरून होते ती इथे ओळखीवरून झाली, आणि माझ्या अनुभवाने सांगते, ती अधिक काटेकोर झाली.

ती वही घेऊन त्या चौघी एका कार्यालयात गेल्या, तेव्हा मी मागे उभी राहिले आणि बोलले नाही. वही चाळून परत देण्यात आली. नोंदी विहित नमुन्यात नाहीत आणि अशी माहिती गोळा करण्याचा अधिकार त्यांना नाही, असे सांगण्यात आले. ज्या अधिकाऱ्यांनी हे सांगितले ते उर्मट नव्हते. त्यांच्यापाशी खरोखरच ती वही ठेवायला कप्पा नव्हता. माझी तक्रार त्या माणसाविरुद्ध नाही. गरिबाने दिलेली माहिती 'अर्ज' म्हणूनच आत येऊ शकते, 'माहिती' म्हणून येऊ शकत नाही, या रचनेविरुद्ध आहे.

आणि तरीही वही वाया गेली नाही. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५६ फुटांच्याही वर गेले, तेव्हा कोणत्या गल्लीला आधी हलवायचे, कोणाला उचलून न्यावे लागेल, निवाऱ्यात बाळंतिणीसाठी कोपरा कुठे ठेवायचा, हे वस्तीला आधीच ठाऊक होते. पेठेतल्या तालमीची पोरे मदतीला आली, त्यांना त्या बायकांनी वहीतून घरे वाचून दाखवली आणि पोरांनी त्या क्रमाने माणसे काढली. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोका पातळी ओलांडली, तेव्हाही वहीच्या शेवटच्या रकान्याप्रमाणे सामान आधी हलवले गेले.

कोल्हापूरला संघटनेचे धडे कोणी द्यावेत अशी परिस्थिती नाही. कृती समिती हा शब्द इथल्या शाळकरी पोरालाही कळतो. टोलच्या विरोधात प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांसह सारे शहर रस्त्यावर आले, तालमी आणि मंडळांपासून वकील आणि व्यापाऱ्यांपर्यंत सगळे, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनसाठी एका पिढीने मोर्चे काढले आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ चिकाटी धरली, तेव्हा १८ ऑगस्ट २०२५ रोजी सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. या प्रत्येक लढ्यात वस्तीतली माणसे होती. मोर्चात त्यांची संख्या नेहमीच मोठी असते. पण त्या समित्यांच्या बैठकीत टेबलाभोवती बसणाऱ्यांत वस्तीतली बाई किती वेळा होती, याचा विचार आपण सर्वांनी करावा. ज्या प्रश्नात पूर्ण शहराचे हित आहे तिथे गरीब आपल्याबरोबर येतो. ज्या प्रश्नात फक्त त्याचे घर आहे तिथे आपण त्याच्याबरोबर किती जातो?

हे मला दसरा चौकात अधिक बोचते. पुराच्या दिवसांत मठाच्या आवारात वळकट्या टाकून झोपलेल्या माणसांच्या आजूबाजूला जुनी वसतिगृहे आहेत आणि समोर राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. १९०१ पासून महाराजांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांनी जागा आणि पैसा दिला, पण आपल्या मुलांची व्यवस्था पाहणारी माणसे त्या त्या समाजातून पुढे येतील याचीही काळजी घेतली. ज्यांना द्यायचे त्यांच्या हाती कारभारही द्यायचा, ही गोष्ट या शहराने शंभर वर्षांपूर्वी करून पाहिलेली आहे.

कायद्यातही याला वाट आहे, म्हणून मी काही नवे मागत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूरची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे ही तरतूद आपल्याला लागू आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने महानगरपालिकांच्या कायद्यात दुरुस्ती करून त्याच्याही खाली क्षेत्रसभा आणली, ज्यात त्या भागातील मतदान केंद्रांच्या यादीत नाव असलेला प्रत्येक मतदार सभासद असतो. गावाला ग्रामसभा आहे तशी ही शहराची सभा. ग्रामसभेत प्रश्न विचारता येतो हे करवीर तालुक्यातल्या कोणत्याही गावातली बाई सांगेल. तीच बाई लग्न होऊन शहरातल्या वस्तीत आली की तिचा तो हक्क कुठे गेला, हे तिला कोणी सांगत नाही. दर महिन्याला लोकशाही दिन असतो, पण तिथेही प्रत्येकाने आपापले निवेदन घेऊन एकट्याने जायचे असते. एकट्याचे निवेदन आणि सभेचा ठराव यांच्या वजनात फरक असतो.

आजच हे लिहिण्याचे कारण असे की २०२० च्या नोव्हेंबरात महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. या काळात वस्तीतल्या माणसाला हाक मारायला नगरसेवकही नव्हता. आता मतदान होऊन सभागृह पुन्हा आले आहे, पण प्रभाग बहुसदस्यीय आहेत. पूर्वी एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, त्याच्या दारात जाऊन भांडता येत असे. आता प्रभाग मोठा आणि नगरसेवक अनेक, तेव्हा तुंबलेल्या गटाराची तक्रार कोणाकडे न्यायची हा प्रश्न वस्तीत रोज विचारला जातो. क्षेत्रसभा भरली तर सगळ्या नगरसेवकांना एकाच वेळी, सगळ्यांसमोर विचारता येईल.

दुसरे निमित्त पूरनियंत्रणाचे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र प्रतिसादक्षम विकास कार्यक्रमातून कोल्हापूर-सांगलीच्या पुरावर कामे व्हायची आहेत. पैसा मोठा आहे आणि काम गरजेचे आहे. मात्र अशा योजनेत नकाशावर दोन रेषा येतात: साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतल्या वस्तीला 'हलवा' म्हणणे सोपे आहे, आणि तिथे राहणे धोक्याचे आहे हे तिथल्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नाही. पण त्याच नदीच्या पात्रालगत भराव टाकून जमिनी वर उचलल्या जातात, तेव्हा पाणी कोणाच्या दारात सरकते याचा हिशेब त्या नकाशात दिसत नाही. वस्तीच्या वहीत तो दिसतो, कारण पूर्वी ज्या दारात पाणी यायचे नाही तिथे ते आता कितव्या फुटाला येते, हे तिथे लिहिलेले आहे.

पुनर्वसन कुठे करायचे, हाही असाच प्रश्न. ताराबाई पार्कात सकाळी सातच्या आत पहिल्या घरची भांडी घासायची असतील, लक्ष्मीपुरीत गाडी लागण्याआधी हमालाला पोहोचायचे असेल, तर शहराबाहेरचे पक्के घर त्यांना परवडत नाही, कारण जाण्या-येण्याचे भाडे आणि गेलेला वेळ मिळकतीतून वजा होतो. मग ते घर भाड्याने देऊन माणसे नाल्याकाठी परततात आणि आपण त्यांना लबाड ठरवतो. पोटापाण्याचे साधन हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मुंबईतील फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात म्हटले होते. हलवण्याचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही, पण ज्याला हलवायचे त्याचे ऐकून घेतले पाहिजे, हे तत्त्व त्या निकालात आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून स्वतःचे घर बांधायला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळते, मात्र त्यासाठी जागा नावावर लागते. मालमत्ता पत्रकच नसलेल्या वस्तीला त्या योजनेचा फक्त फलक दिसतो.

वस्तीने स्वतःची मोजणी करणे ही कोणाची लहर नाही. त्याच १९८५ साली मुंबईत भायखळा भागातील फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांची गणना त्यांच्याच सहभागाने झाली, आणि पुढे महिला मिलन, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि स्पार्क या संस्थांनी तीच पद्धत अनेक शहरांत नेली. महासंघाचे जोकिन अर्पुथम स्वतः मुंबईच्या वस्तीत राहिलेले. त्यांना २००० मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये पंचायत स्थापन केली, महापालिकेने त्यांची ओळखपत्रे मान्य केली आणि पुढे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम त्यांच्याच सहकारी संस्थेकडे आले. शेजारच्या शहरात जमलेली गोष्ट सहकाराच्या या जिल्ह्यात जमणार नाही, असे मला वाटत नाही. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्यानेही नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, म्हणजे ज्याच्याबद्दल निर्णय त्याला बैठकीत बसवण्याचे तत्त्व आपल्या संसदेने मान्य केलेले आहे. घरांच्या प्रश्नालाही ते लागू करावे.

'वस्तीत सभा घेतली की दादा लोक ती ताब्यात घेतात' असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. तो अगदी निराधार नाही. एका बैठकीत चौघा पुरुषांनीच बोलून वेळ संपवल्याचे मी पाहिले आहे. पण बैठक दुपारी ठेवली तर कामावर गेलेली बाई येऊ शकत नाही आणि ज्याला काम नाही तोच येतो. रात्री साडेआठला, वस्तीतल्याच समाजमंदिरात ठेवली की बायका येतात. हिशेब फळ्यावर लिहिला की दादाची दादागिरी कमी होते. आणि ज्या दादाच्या हाती आज पाण्याचा टँकर कोणाच्या दारात थांबेल हे असते, त्याची सत्ता सभेने वाढत नाही, ती सभा नसल्यामुळे टिकलेली आहे.

महापालिकेला माझी विनंती अशी की पूरप्रवण वस्त्यांपासून सुरुवात करून क्षेत्रसभा भरवाव्यात, वस्तीने सर्वांसमोर वाचून तयार केलेली यादी प्राथमिक नोंद म्हणून स्वीकारावी आणि ज्या नोंदीबद्दल शंका असेल तिची पडताळणी कर्मचाऱ्यांनी करावी. कुटुंबाची गणना करताना रेशनकार्डाबरोबर चूलही मोजली जावी. तालमी, मंडळे आणि कृती समित्यांना विनंती अशी की आपल्या कार्यकारिणीत वस्तीतल्या दोन बायका घ्याव्यात, सत्कारासाठी नव्हे, कामासाठी. माझ्यासारख्या निवृत्तांनी अर्ज जरूर लिहून द्यावेत, मात्र ते घेऊन स्वतः जाऊ नये.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी आपत्ती व्यवस्थापनाची आढावा बैठक होते. त्या बैठकीला आमच्या वस्तीतल्या त्या चौघींपैकी दोघींना बोलवावे. वही त्यांनी याच महिन्यात पुन्हा गल्लीगल्लीत वाचून दुरुस्त केली आहे. तीन घरे कमी झाली, पाच चुली वाढल्या, आणि शेवटचा रकाना पूर्ण भरलेला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर